कान, काना आणि कटकट

ऑफिसमध्ये आपल्या आसपास असा एक तरी प्राणी असतोच, की तो टाइप करायला लागला की अख्ख्या फ्लोअरला कळतं, साहेब मेल लिहितायत. कट्-कट्-कट्-कट्… कट्ट! (शेवटचा कट्ट म्हणजे एंटर. मेल गेला, आता भोगा.) मग कोणीतरी हेडफोन चढवतं, कोणीतरी ॲडमिनच्या कानात कुजबुजतं आणि आठवड्याभरात साहेबांच्या टेबलावर एक सपाट, गुळगुळीत, मुका कीबोर्ड येऊन पडतो. शांतता! प्रगती! वगैरे वगैरे.

पण बॉस, जगात काही लोक नेमक्या त्याच कटकटीसाठी जीव टाकतात. आयबीएमचा १९८५ सालचा ‘मॉडेल एम’ नावाचा एक कीबोर्ड आहे. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे चोराला मारायलाही उपयोगी. त्याच्या प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग असते. बटण दाबत गेलं की एका क्षणी ती कंबर वाकवते आणि बाजूच्या भिंतीवर आपटते. तोच तो आवाज. हे चाळीस वर्षांचं धूड लोक हौसेनं विकत घेतात, सगळी बटणं उपटून साबणाच्या पाण्यात भिजत घालतात, एकेक स्प्रिंग पुसून परत बसवतात. जपानच्या आल्प्स कंपनीचे जुने निळे स्विच तर चष्मे नि दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये आंघोळ घालून काढतात. कशासाठी? तर आवाज पहिल्यासारखा यावा म्हणून. बोटाला पहिल्यासारखं लागावं म्हणून.

मलाही हे खूळ आहे. फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला ऑफिस नसतं, त्यामुळे शेजारी वैतागायला कोणी नसतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढून घेणारा पंप, फ्लक्स, मल्टिमीटर असा माझा छोटा संसार आहे. आई त्याला ‘हिचं लोहारकाम’ म्हणते. आत्तापर्यंत हे सगळं निव्वळ हौस म्हणून चाललं होतं. गेल्या दिवाळीनंतर शहापूरच्या मामाचा फोन आला आणि मामला जरा सीरियस झाला.

तर आधी मामाविषयी. शहापूरला मामाचा टायपिंगचा गाळा आहे. आठ बाय दहाचा. बाहेर पाटी: टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. तहसील कचेरीत ज्यांचं काम असतं ते आधी मामाकडे येतात. वारस नोंदीचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, तक्रार. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जायचा ठरला तेव्हा भूसंपादनाच्या मोबदल्याचे किती कागद मामाच्या हातून गेले त्याची गणती नाही. (त्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. मामा अजून त्यावरून गेलेला नाही. म्हणतो, मी त्याच्यावरून कागदोपत्री खूप वेळा गेलोय.) आणि दर उन्हाळ्यात पाड्यांवरून टँकरच्या मागणीचे अर्ज. तानसा नि भातसा ही दोन्ही धरणं ह्याच तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईत आपल्या बेसिनमध्ये येतं आणि धरणाच्या उशाला राहणारी माणसं टँकरसाठी अर्ज टाइप करून घेतात. असो. तो वेगळा लेख आहे.

मामाचा कीबोर्ड म्हणजे टीव्हीएस गोल्ड. नाव माहीत नसेल, पण आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. बँकेत, सरकारी कचेरीत, रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीच्या पलीकडे. ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ हा शब्द आपल्याकडच्या गेमिंगवाल्या पोरांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा हा साधासुधा डबा कारकुनांच्या बोटांखाली वाजत होता, आणि त्याच्या पोटात होते जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच. आज ज्या निळ्या स्विचसाठी लोक हजारो रुपये मोजतात, तेच. मामानं तो २००८ साली घेतला. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे त्याच्याबरोबर यूपीएसही घ्यावा लागला. कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह नाही, कारण ते चिन्हच २०१० साली आलं. केबलच्या टोकाला जांभळ्या रंगाचा तो जुना गोल प्लग आहे. नव्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नसतं, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावलाय. कॉम्प्युटर तीनदा बदलला, कीबोर्ड तोच.

मामा टाइप करताना स्क्रीनकडे बघत नाही. डोळे डावीकडे, हातानं लिहिलेल्या कच्च्या कागदावर. ओळ संपली की एकदा वर नजर, परत खाली. आपण लोक स्क्रीनकडे टक लावून, चुकलं की बॅकस्पेस मारत लिहितो. पण दुसऱ्याचा मजकूर उतरवून देणाऱ्याला डोळे दोन ठिकाणी ठेवता येत नाहीत. मग अक्षर उमटलं की नाही हे त्याला कळणार कसं? कानानं! बोटाला बारीकसा धक्का बसला, कट्ट वाजलं, म्हणजे अक्षर गेलं. मामाच्या लेखी तो आवाज म्हणजे पोचपावती आहे.

आता ही पावती फाडते कोण, ते बघू. निळ्या स्विचच्या आत डोकावलं तर मधला दांडा दोन तुकड्यांचा असतो. एक निळा, जो आपण दाबतो, आणि त्याच्यावर सैलसर बसलेला एक पांढरा. खाली स्प्रिंग. बाजूला धातूच्या दोन पातळ पट्ट्या, ज्या एकमेकींना टेकल्या की कॉम्प्युटरला कळतं, बटण दाबलं. आपण दाबायला लागलो की पांढरा तुकडा पट्टीच्या फुगवट्यावर अडतो. निळा खाली जात राहतो, बोटाला विरोध जाणवतो… आणि साधारण दोन मिलिमीटरवर पांढरा एकदम सुटतो आणि खाली आपटतो. कट्ट! त्याच झटक्यात तो पट्टीच्या वाटेतून बाजूला होतो आणि पट्ट्या जुळतात. म्हणजे आवाज आणि अक्षर एकाच घटनेची दोन पोरं, जवळजवळ जुळी. बटणाचा पूर्ण प्रवास चार मिलिमीटरचा, पण बोटानं तळ गाठायची गरजच नाही. मध्यावर निरोप मिळतो, झालं, पुढच्या अक्षराकडे चला.

स्वस्तातल्या सपाट कीबोर्डमध्ये ह्यातलं काही नसतं. रबराच्या टोप्या असतात. दाबल्या की बसतात, सोडल्या की उठतात. काम होतं, नाही असं नाही, पण पावती मिळत नाही.

मामाच्या कीबोर्डला मात्र सतरा वर्षं झाली होती, आणि ती वर्षं शहापूरची. पावसाळ्यात कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते असा ओलावा. पावसाळा सरला की हायवेची नि वीटभट्ट्यांची धूळ. शिवाय चहा. मामा नाही म्हणत होता, पण मी बटणं काढली तेव्हा चहाचे तीन वेगवेगळे पूर येऊन गेल्याच्या खुणा होत्या. ह्यात बनवणाऱ्याचा काडीचा दोष नाही.

पण झालं होतं ते वाईट होतं.

मामा इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. सरकारमान्य मांडणी, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ह्या मांडणीत काना येतो बरोब्बर इंग्रजी ‘ई’च्या बटणावर. आता गंमत बघा. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ‘ई’. आणि मराठीत काना किती लागतो ते ह्याच परिच्छेदात मोजून बघा! म्हणजे दोन्ही भाषांची हमाली त्या एकाच बटणाच्या पाठीवर. मामाचं हेच बटण बिघडलं, आणि बिघडलं तेही अशा प्रकारे, की वाजायचं पण उमटायचं नाही. दहादा बरोबर, अकराव्यांदा गायब.

एका पाड्यावरची म्हातारी मामाकडे प्रतिज्ञापत्र करायला आली होती. आधारवर आडनाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. फरक फक्त एका कान्याचा. खरं आडनाव इथे देत नाही, पण समजा एकीकडे ‘वाघ’ आणि एकीकडे ‘वघ’. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं शपथेवर लिहून द्यायचं होतं. मामानं नेहमीच्या वेगानं टाइप केलं, कट्-कट्-कट्, कान्याचाही कट्ट वाजला. प्रिंट काढली, म्हातारीनं अंगठा उठवला आणि ती गेली. कागदावर काय होतं? ‘वघ आणि वघ ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.’

खिडकीवरच्या माणसानं अर्थातच कागद परत केला. हसलाही म्हणे. म्हातारीला काही कळेना, तिला वाचता येत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी परत एसटीनं शहापूरला आली. भात झोडणीचे दिवस, दोन दिवसांची मजुरी बुडाली. मामानं नवीन कागद करून दिला, पैसे घेतले नाहीत, उलट तिकिटाचे दिले. पण त्या दिवसापासून त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला. प्रत्येक शब्दाला मान वर. कागद, स्क्रीन, कागद, स्क्रीन. मान धरली, वेग निम्म्यावर आला, दुपारपर्यंत रांग गाळ्याबाहेर. मध्ये आठ दिवस त्यानं एक नवा सपाट कीबोर्ड लावून पाहिला. तो म्हणाला, “अगं, ह्याला काही विचारलं तर हा बोलतच नाही.” गाळा भाड्यानं देऊन टाकायचं बोलणंही घरात निघालं. मामीनंच मला फोनवर सांगितलं, हळू आवाजात.

मामा मला एवढंच म्हणाला, “तुला ते कीबोर्डचं वेड आहे ना? बघ जरा. नाही झालं तर भंगारात घालू.”

‘नवीनच घे की!’ असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण निळे स्विच हल्ली बरेच जण बनवतात आणि प्रत्येकाचा निळा निराळा. कोणाचा आवाज चिरका, कोणाची स्प्रिंग जड. मामाच्या बोटांना सतरा वर्षांची सवय, ती बदलायला त्याला निदान दोन-तीन महिने लागले असते, आणि रांगेतली माणसं तितकं थांबत नाहीत. दुसरं म्हणजे, मी हिशेब करून पाहिला. चेरी आपल्या निळ्या स्विचचं आयुष्य सांगते पाच कोटी दाब. मामानं रोज दोन हजार काने मारले असं धरू, वर्षाचे तीनशे दिवस. वर्षाला सहा लाख. पाच कोटी व्हायला ८३ वर्षं लागतील! म्हणजे स्विच म्हातारा झालेला नव्हता. तो घाण झाला होता. म्हातारपणाला इलाज नसतो, घाणीला असतो.

शनिवारी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरले, तिथून शेअर रिक्षानं शहापूर. माहुलीचा किल्ला उन्हात स्वच्छ दिसत होता, पण ह्या वेळी सॅकमध्ये ट्रेकिंगचे शूज नव्हते.

संध्याकाळी गाळा बंद झाल्यावर आम्ही बसलो. मी एकेक बटण दाबत गेले, मामा पाठमोरा बसून नुसता ऐकत होता. एकशेचार बटणांमध्ये सात आजारी निघाली. आणि आजार दोन प्रकारचे. पहिला प्रकार मुक्यांचा. अक्षर उमटायचं पण कट्ट नाही. चहातल्या साखरेनं निळा नि पांढरा तुकडा एकमेकांना चिकटलेले, दोघं एकत्र खाली जायचे, मग सुटणार काय नि आपटणार काय? दुसरा प्रकार खोटारड्यांचा. कट्ट एकदम झकास, पण पट्ट्यांवर मळ बसल्यामुळे निरोप पुढे पोचतच नाही. मुकं बटण एक वेळ परवडलं, आवाज आला नाही की मामा आपोआप वर बघतो. खोटारडं त्याला बघूच देत नाही. काना खोटारडा होता.

हौशी लोक आवाजाबद्दल तासन् तास बोलतात. अमक्याचा घुमतो, तमक्याचा टणटणतो. आणि गंमत म्हणजे त्यांना ह्यासाठी नवे नवे शब्द शोधावे लागतात. आपल्याकडे बघा, कटकट, टकटक, खटखट, खडखड, टिकटिक… एकेका आवाजाला स्वतंत्र शब्द, आणि त्यातले अर्धे त्रासालाही चालतात! मीही आजवर त्याच गप्पांमध्ये रमलेली होते. मामाच्या टेबलावर मात्र प्रश्न गोड की चिरका हा नव्हताच. आवाज खरा की खोटा, एवढाच होता. तो खरा करणं म्हणजेच इथे दुरुस्ती.

मुके चार होते. ते रात्रीच बरे झाले. बोर्डावरून सोल्डर ओढून स्विच सुटा करायचा, वरच्या झाकणाच्या चार बारीक कड्या चिमट्यानं सोडवायच्या, की पोट उघडं. दांडा आणि झाकण कोमट साबणाच्या पाण्यात, पट्ट्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल. मग पूर्ण, अगदी पूर्ण वाळवायचं. (शहापुरात नोव्हेंबरमध्ये हे जमतं. जुलैत मी हे काम हातात घेतलंच नसतं.) त्यातल्या एका बटणात तेल निघालं. मी मामाकडे बघितलं, मामानं मामीकडे बघितलं, मामीनं शिलाई मशीनकडे. “दारं कुरकुरली की घालतो ना तेल, म्हणून…” तर मंडळी, हे लक्षात ठेवा. कटकट करणाऱ्या स्विचमध्ये तेल घालायचं नाही. तेलाचा थर त्या पांढऱ्या तुकड्याचं आपटणंच मऊ करतो, आवाज गादीवर पडल्यासारखा येतो, वर त्यात धूळ चिकटते ती वेगळीच. हात फिरवायचाच असेल तर स्प्रिंगच्या टोकांना अगदी नखभर वंगण लावावं, म्हणजे तिची ‘टिंग’ जाते. पांढऱ्याला हात लावायचा नाही.

उरले तीन खोटारडे. मल्टिमीटर बीपवर ठेवला, दोन टोकं स्विचच्या दोन पायांना लावली. आता निरोगी स्विच दाबला की कट्ट आणि पीं बरोबर येतात. कट्-पीं, कट्-पीं. मामाला हे फार आवडलं, बरा झालेला प्रत्येक स्विच त्यानं स्वतः दाबून बघितला. तिघांपैकी दोघं पुसल्यावर सरळ झाले. कान्याची पट्टी मात्र चहानं हिरवी पडली होती. तीनदा पुसली, तरी कट्ट… आणि पीं कधी यायचं, कधी नाही. त्याला रिटायर करणं भाग होतं.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मुरबाडला सरांकडे असतील.”

रविवारी सकाळी मामाच्या स्कूटरवरून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला निघालो. दोन्ही बाजूंना झोडणी चाललेली, पेंढ्यांच्या उडव्या, हवेत तो वाळल्या तणसाचा वास. सर म्हणजे मामाचे टायपिंगचे गुरू. मुरबाडला त्यांचा क्लास होता. आधी टाइपरायटर, नंतर कॉम्प्युटर. शासकीय लिपिकाच्या नोकरीला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांच्या वेगाचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे तालुक्यातली निम्मी पोरंपोरी ह्या क्लासच्या बाकावर बसून गेलेली. गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं आणि राज्य परीक्षा परिषदेची टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. सरांनी यंत्रं किलोवर विकली. “किलोवर,” ते दोनदा म्हणाले. पुढे काही वर्षांनी क्लासही बंद केला. पण कॉम्प्युटरच्या काळातले चार टीव्हीएस गोल्ड माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेले होते.

सर आता सत्तरीचे आहेत. सांगत होते, वर्गात ते मुद्दाम पोरांकडे पाठ करून उभे राहायचे. डोळ्यांनी बघितलं की पोरगं बोटं नीट ठेवण्याचं नाटक करतं, कानाला नाटक कळतं. तालात खंड पडला की वळून न बघता नाव घ्यायचे. मामाकडे बोट दाखवून म्हणाले, “हा घाई करायचा. मात्रा गिळायचा.” पन्नाशी उलटलेला मामा खाली बघायला लागला!

गोणपाट सोडला. मला काय दिसलं सांगू? कीबोर्ड वाचता येतो, एखाद्या वहीसारखा. मामाच्या कीबोर्डवर काना, आणि नंबरपॅडवरचे ७, १, २ नि तिरकी रेघ झिजून चकचकीत झालेत. सातबारा! सरांच्या कीबोर्डवर मधली ओळ आरशासारखी गुळगुळीत आणि वरचे आकडे जवळजवळ कोरे. कारण शिकाऊ पोरं महिनाभर मधल्या ओळीवरच बोटं गिरवतात, आणि त्यातली बरीच तिथूनच पळ काढतात.

साधा उपाय असा, की स्क्रोल लॉकचं बटण घ्यायचं. जगात कोणी ते दाबत नाही, त्यामुळे त्याचा स्विच नवाकोरा असतो. चारही कीबोर्डांचे मी काढले. टेबलावर ठेवून मामानं एकेक दाबला आणि मान हलवली. “हा ओरडतो. बाकीच्यांत बसणार नाही.” खरंच होतं. न वापरलेल्या स्विचचा विरोध किंचित खरखरीत लागतो, आवाज वर चढलेला असतो. सतरा वर्षं घासलेल्या शेजाऱ्यांमध्ये तो वेगळा पडला असता आणि मामाचं बोट प्रत्येक कान्याला दचकलं असतं. मग मधल्या ओळीतले काढून बघितले. ते फार ढिले. “हे दमलेत,” सर म्हणाले. शेवटी वरच्या ओळीतले, मधल्या वापराचे, बारा स्विच काढले आणि म्हशाच्या यात्रेत बैल निवडावा तसा प्रकार सुरू झाला. सर डोळे मिटून ऐकायचे, मामा दाबायचा, मी मल्टिमीटर धरून. कट्-पीं. “नाही.” कट्-पीं. “बरा आहे, बाजूला ठेव.” सरांच्या मिसेस चहा घेऊन आल्या, तो मी खिडकीत ठेवायला सांगितला, कीबोर्डपासून चार हात लांब.

नवव्या स्विचला दोघं एकदमच “हा” म्हणाले.

सरांनी पैसे घेतले नाहीत. उरलेले स्विच एका फिल्मच्या काळ्या डबीत भरून दिले, “लागतील” म्हणून, आणि मामाला विचारलं, “आता मात्रा गिळत नाहीस ना?” मामानं म्हातारीची गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. त्यांनी ते प्रतिज्ञापत्राचं वाक्य कसं होतं ते पुन्हा विचारून घेतलं आणि म्हणाले, “हे मोठ्यानं वाचायचं असतं. प्रिंट काढली की मोठ्यानं, गिऱ्हाइकासमोर.” मामा ‘हो सर’ म्हणाला. तो हल्ली तसं करतो.

रात्री शहापूरला स्विच बसवला. सोल्डर करणं दोन मिनिटांचं काम. बटणं परत लावली, प्लग लावला, मामानं टाइप केलं, आणि तोंड वाकडं केलं. अक्षरं सगळी बरोबर, पण “हा माझा नाही वाजत.” आता आली का पंचाईत? मी स्विच पुन्हा तपासले, पीं बरोबर, कट्ट बरोबर. मग लक्ष खाली गेलं. टेबलावर काच. मामीनं दोन वर्षांपूर्वी डाग पडतात म्हणून लाकडावर काच घातली होती. कीबोर्डचा आवाज निम्मा त्याच्या पोटातून येतो आणि निम्मा तो ज्याच्यावर ठेवलाय त्याच्यातून, आणि काच सगळे वरचे सूर परत फेकते. खाली जुन्या वर्तमानपत्राची चार पदरी घडी सरकवली. मामानं एक ओळ मारली. दुसरी मारली. तिसऱ्या ओळीला त्याचे डोळे डावीकडच्या कागदावर गेले आणि तिथेच राहिले.

(तुमच्या ऑफिसमधल्या त्या साहेबांनाही ही वर्तमानपत्राची आयडिया सांगून बघा. फुकट आहे.)

एक काम राहिलं होतं. स्पेसबारच्या पोटात त्याला दोन्ही बाजूंनी समतोल धरणारी एक तार असते, ती खडखडत होती. तारेला दोन्ही टोकांना ग्रीसचं बोट लावलं की गप्प होते. मी डबी उघडली, तर मामानं हात आडवा घातला.

“ती राहू दे.”

“अरे पण खडखडतेय.”

“खडखडू दे. शब्द संपला की कळतं.”

सोमवारी मी निघेपर्यंत दुकान उघडलं होतं. बाकावर चौघं जण, पहिला माणूस रेशनकार्डात नाव वाढवायच्या अर्जासाठी आलेला. मामानं चष्मा चढवला, कच्चा कागद डावीकडे क्लिपला लावला आणि विचारलं, “नाव सांगा. सावकाश. काना-मात्रेसकट.”